राम्श म्हणजे भंगार नव्हे, गोळा

प्रश्न असा आहे: "मुलगा जर्मनीत लाइपझिगला नोकरीला आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथली मंडळी 'स्कॅट' नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतात. तिघांनीही पास म्हटलं की 'रमश' खेळायचा, असा त्यांचा नियम. मुलानं नियमांचं पुस्तक पाहिलं तर त्यात रमश नाहीच. शब्दकोशात रमश म्हणजे भंगार, फालतू माल. मग मराठीत 'भंगार डाव' म्हणावं का? आणि असल्या पुस्तकाबाहेरच्या नियमांना आपल्याकडे शब्द काय?"

आधी उच्चार. स्कॅट नव्हे, स्काट. 'आ' चांगला लांब. स्कॅट म्हणजे जॅझवाल्यांचं ते निरर्थक अक्षरांचं गाणं, त्याचा पत्त्यांशी संबंध नाही. आणि रमश नव्हे, राम्श. 'म'वर थांबायचं नाही.

दुसरं, 'ट्रिक'ला युक्ती म्हणणाऱ्यांना कुणीतरी आवरा. एका भाषांतरात "त्याने सात युक्त्या जिंकल्या" असं वाचलं आणि अर्धा तास चहा गोड लागेना. जर्मनमध्ये त्याला 'श्टिश' म्हणतात. तो शब्द शिवणकामातल्या टाक्यालाही चालतो, त्यामुळे उद्या कुणीतरी "सात टाके जिंकले" असंही लिहील. अहो, हात! सात हात केले. आपल्या घराघरांत लहान पोरंही हात मोजतात, हुकूम बोलतात, उतारी करतात. शब्द घरात असताना शेजारी मागायला कशाला जायचं?

स्काट शब्दाचं मूळ एका ओळीत सांगतो, कारण मला पुढे जायची घाई आहे: इटालियन 'स्कार्तो', म्हणजे बाजूला टाकलेली पानं. ३२ पानं, तिघांना दहा-दहा, उरलेली दोन उपडी. ती दोन म्हणजे स्काट, आणि त्यांच्यावरूनच खेळाचं नाव. बोली लागते, अठरापासून वर चढते. जिंकेल तो एकटा, उरलेले दोघे त्याच्याविरुद्ध. एकूण गुण १२०, एकट्याला ६१ हवेत. खेळ जन्मला जर्मनीतल्याच आल्टेनबुर्ग गावी, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. तिथे त्याच्या नावाचं कारंजंही आहे, १९०३ सालचं, चार गुलाम एकमेकांशी मारामारी करताहेत असं. बास.

आता राम्श. तिघेही पास म्हणाले तर अधिकृत नियमांनुसार पानं गोळा करायची आणि पुढच्यानं वाटायची. (हा 'गोळा' लक्षात ठेवा, परत येतो.) पण पबमध्ये आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर खेळणाऱ्यांना ते मिळमिळीत वाटतं. हातात चांगली पानं असून भीतीपोटी पास म्हणणाऱ्याला काहीच शिक्षा नाही, हे कसं? म्हणून राम्श. प्रत्येक जण आपापला, चार गुलाम तेवढे हुकूम, आणि ज्याच्या हातांत सगळ्यात जास्त गुण जमतील तो हरला.

डोळ्यांसमोर आणा. तुमच्याकडे किलवरचा गुलाम आहे, म्हणजे सगळ्यात मोठा हुकूम. बोलीच्या वेळी घाबरलात, पास म्हणालात. आता तो गुलाम गळ्यात अडकलेलं हाडूक. कुणीतरी छोटा गुलाम उतरतो, तुमच्याकडे दुसरा गुलाम नाही, किलवरचाच टाकावा लागतो. तिसऱ्याकडे गुलामच नाही, तो हसत हसत बदामची दश्शी तुमच्या हातात सारतो. दहा गुण तुमच्या बोकांडी. शेवटचा हातही तुमचाच झाला तर बहुतेक टेबलांवर ती दोन उपडी पानंसुद्धा तुम्हीच उचलायची. एखाद्यानं एकही हात केला नाही तर त्याला 'कुमारी' म्हणतात आणि तुमचं नुकसान दुप्पट. कुणी दहाच्या दहा हात केले तर मात्र पारडं उलटतं, तो जिंकतो. काही टेबलांवर आधी ती दोन पानं उचलायची आणि नकोशी दोन पुढच्याला ढकलायची, हा 'शीबराम्श', म्हणजे ढकलराम्श. गुलाम ढकलायचा नाही, हा त्यातला शिष्टाचार.

तर हे भंगार कसं? शब्दकोशात 'राम्श' एकदा नाही, दोनदा आहे. दूडेन हा जर्मन कोश उघडा: फालतू मालाचा राम्श एका नोंदीत, पत्त्यांचा दुसऱ्या नोंदीत. पहिल्याचं मूळ उत्तर जर्मनीतल्या बोलीत शोधतात, 'उक्तं घेणं' अशा अर्थाच्या जुन्या शब्दप्रयोगात. दुसरा फ्रान्सहून आला. तिकडे 'राम्स' नावाचा खेळ होता, आणि राम्सच्या मागे 'रामासे', म्हणजे वेचणं, गोळा करणं. फ्रान्समधली मास्तरीण परीक्षेच्या शेवटी पेपर गोळा करते, ते रामासेच. दोन्ही राम्श आडनावबंधू आहेत, सख्खे भाऊ नाहीत. हल्लीच्या जर्मन माणसाला पत्त्यांच्या राम्शमध्येही भंगाराचा वास येतो हे खरं, पण वासावरून कुळ ठरवायचं नसतं. पहिली नोंद वाचून कोश मिटणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे आणि मिटायचं नाही.

आता खरी मजा. 'रामासे' फोडला की आत 'मास' सापडतो, ढीग. तो लॅटिन 'मास्सा'वरून, आणि मास्सा ग्रीक 'माझा'वरून. या ग्रीक शब्दाचा अर्थ जवाच्या पिठाचा मळलेला गोळा! म्हणजे आधी परातीतला गोळा, मग कशाचाही गोळा, मग गोळा करणं. आणि आपण? कणकेचा गोळा आणि वर्गणी गोळा करणं, शब्द एकच. ग्रीस-रोम-पॅरिस असा हजारो वर्षांचा प्रवास करून ते जिथे पोचले, तिथे मराठी बाई पोळ्या लाटता लाटता पोचली होती. हे उसनं नाही, कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. माणसाचा हात पिठात जातो तेव्हा डोकं कसं चालतं, एवढंच त्यात दिसतं. मला तर राम्शचा मराठी प्रतिशब्द आयता वाढून ठेवल्यासारखा वाटतो: गोळाडाव. "तिघे पास? चला, गोळाडाव." भंगार डावापेक्षा हजार पटीनं बरा, कारण त्यात खेळाची रीत आहे. ज्यानं जास्त गोळा केलं तो मेला.

गंमत म्हणजे फ्रेंच राम्समध्ये हात मिळवणं हा फायदा होता, एकही हात न होणारा दंड भरायचा. जर्मनांनी गोळा करण्याचीच शिक्षा केली. हे आपल्याला समजायला अवघड नाही, आपल्याकडे झब्बू आहे. कुणी झब्बू दिला की सगळ्यात मोठं पान टाकणाऱ्यानं मुकाट्यानं ढीग गोळा करायचा. वंशावळीनं नातं शून्य, स्वभावानं मात्र चुलतभाऊ.

(आता कुणीतरी लिहील की जर्मनांचा 'शाफकोप्फ' म्हणजे मेंढीचं डोकं आणि आपला मेंढीकोट, म्हणजे नक्की संबंध आहे. नाही. योगायोग आहे. युरोपशी खरं नातं हवं असेल तर किलवर घ्या, तो डचांच्या 'क्लाव्हर'वरून आलेला आहे, त्यावर बोलू पुन्हा कधी.)

पुस्तकाबाहेरच्या नियमांना काय म्हणायचं ते राहिलंच. नाम शोधत बसू नका, आपल्याकडे क्रियापद आहे: चालतं. "आमच्यात राम्श चालतो." "तुमच्यात चालत असेल, आमच्यात नाही चालत." माझ्या आजोळी पहिल्या हाताला झब्बू चालत नसे, काकांकडे चालायचा. मे महिन्यात दोन्हीकडची पोरं एकत्र आली की पहिला तास पानं न वाटताच जायचा.