मृगातल्या तेजोमेघाचा गाभा पांढरा होतो आणि बाहेरची फिकट धूळ दिसतच नाही. प्रोसेसिंगमध्ये काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय: साधा डीएसएलआर, ८० मिमीची दुर्बीण, आयएसओ ८००, १२० सेकंदांच्या ४० फ्रेम, पुण्याबाहेरचं आकाश, स्टॅक (सगळ्या फ्रेम एकत्र करून केलेला एक फोटो) सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये. कर्व्ह वर ओढला की बॅकग्राउंड तांबूस होतं, गाभा जळतो आणि धूळ काही येत नाही. माझ्या मते तुमचा स्ट्रेच (अंधारे भाग ताणून उजळ करणं) फारसा चुकत नाहीये, त्याआधीचं काम राहिलंय.

एम४२च्या, म्हणजे याच तेजोमेघाच्या, बाहेरची धूळ आकाशाच्या उजेडापेक्षा अगदी किंचित उजळ असते. शहराच्या उजेडामुळे फोटोच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पडणारा फरक त्याहून मोठा असेल, तर कर्व्ह दोन्ही सारखेच वर उचलणार. धूळ कुठली आणि शहराचा उजेड कुठला, हे त्याला कळत नाही. म्हणून आधी आकाश सपाट करायचं आणि मगच ताणायचं.

फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो) घेतल्या नसतील तर पुढचं सगळं वाया. फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन न हलवता, हिस्टोग्रामचं (उजळपणाच्या आलेखाचं) शिखर एक तृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान ठेवून २५-३० फ्लॅट घ्या. लेन्सच्या कडांचा अंधार सॉफ्टवेअरने वजा करून नीट जात नाही, त्याला भागाकारच लागतो, आणि तो फ्लॅट करतात.

आता ग्रेडियंट, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा तो उजेडाचा फरक. रात्रभरात मृग सरकतो तशी उजेडाची दिशाही बदलते. त्यामुळे स्टॅक करण्याआधी प्रत्येक फ्रेममधून पहिल्या घाताचं (सरळ उताराचं) साधं बॅकग्राउंड काढा. सिरिल हे पूर्ण सीक्वेन्सवर करतं. स्टॅक झाल्यावर आधी कडा क्रॉप करा, कारण तिथल्या अर्धवट पट्ट्या पुढचं गणित बिघडवतात. मग आरबीएफ पद्धतीने (नमुना बिंदूंवरून आकाशाचा उजेड ठरवून) पुन्हा एकदा बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन. सॉफ्टवेअर स्वतःहून सगळीकडे नमुना बिंदू टाकतं, त्यातले बरेचसे धुळीवर पडतात आणि धुळीलाच आकाश समजून वजा करून टाकतात. फिकट तपशील सर्वांत जास्त इथेच मरतो. एम४२, त्याच्या वरचा एनजीसी १९७७ हा तेजोमेघ आणि तिथून बाणाच्या तीन ताऱ्यांपर्यंतचा पट्टा, इथले सगळे बिंदू पुसा. खरोखर काळ्या जागी १२-१५ बिंदू ठेवले तरी भागतं. हेच काम ग्रॅक्सपर्ट या सॉफ्टवेअरमध्ये केलंत तर वजा झालेलं बॅकग्राउंड वेगळं पाहता येतं. त्यात तेजोमेघाचा पुसट आकार दिसला, तर धूळ खाल्ली गेली असं समजा आणि स्मूदिंग वाढवून पुन्हा करा.

रंगासाठी फोटोमेट्रिक कॅलिब्रेशन (ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून रंग जुळवणं) पुरे. हिरवा काढायचं बटण मात्र जपून वापरा. गाभ्याजवळची हिरवट-निळसर झाक खरी आहे, ती ५००.७ नॅनोमीटरच्या ऑक्सिजनची आहे. सवयीने पूर्ण हिरवा काढला की गाभा नुसता गुलाबी उरतो.

यानंतर स्टारनेट या प्रोग्रामने तारे वेगळे करा. सिरिलमधून चालवताना फाइल अजून लिनिअर (न ताणलेली) असेल तर आधी स्ट्रेच करण्याचा पर्याय चालू ठेवा. ताऱ्यांची फाइलही उघडून बघा, एम४२च्या गाभ्यातले चमकदार तुकडे कधीकधी ताऱ्यांसोबत निघून जातात.

तारे नसलेल्या फाइलवर जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच वापरा. एका दमात ताणू नका. धुळीचा एक छोटा चौकोन निवडून सिमेट्री पॉइंट तिथे ठेवा, म्हणजे सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट त्याच पातळीला मिळतो. हायलाइट प्रोटेक्शन (उजळ भाग जळू न देणारी सेटिंग) थोडं खाली आणा आणि असे तीन-चार छोटे स्ट्रेच द्या. शेवटी आकाश २५५ पैकी २०-३०च्या आसपास असावं. ‘आकाश काळंच हवं’ म्हणून ब्लॅक पॉइंट (ज्याखालचं सगळं काळं होतं ती पातळी) उजवीकडे सरकवला की मेहनतीने वाचवलेली धूळ कापली जाते. (ऑटोस्ट्रेच हा फक्त पडद्यावरचा देखावा आहे. सेव्ह केलेला फोटो काळाकुट्ट निघाला तर कारण तेच.)

जळालेल्या गाभ्याला मात्र प्रोसेसिंगमध्ये इलाज नाही. १२० सेकंदांत तिथले पिक्सेल भरून गेलेत, त्यात माहितीच उरलेली नाही. ५ सेकंदांच्या ३० आणि ३० सेकंदांच्या २० फ्रेम वेगळ्या घ्या आणि त्यांचे वेगळे स्टॅक करा. फ्लॅट तेच चालतील, डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) मात्र त्या-त्या एक्स्पोजरचे हवेत. तिन्ही स्टॅक एकमेकांवर रजिस्टर करा (तारे जुळवून बसवा), सारखेच स्ट्रेच करा आणि १६ बिट टिफमध्ये गिम्प या फोटो एडिटरमध्ये न्या. जेपेग नको. त्यात एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात आणि तुमची धूळ त्यातल्या चार-पाचांत मावते, मग पट्टे उठणारच. सगळ्यात लांब एक्स्पोजर खाली, त्यावर छोटं, आणि छोट्याच्या लेयर मास्कमध्ये लांब फोटोची करडी प्रत पेस्ट करा. कर्व्हने मास्क असा करा की फक्त गाभा पांढरा राहील, मग ३०-४० पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या. ब्लर कमी पडला तर जोडाची रेघ दिसते. आणि गाभा आजूबाजूपेक्षा उजळच राहायला हवा. तो करडा पडला की फोटो पोकळ वाटतो. असे ‘एचडीआर’ बरेच दिसतात.

नॉइज कमी करणं आणि शार्प करणं एकाच जागी करू नका. डिनॉइज फिकट भागावर, तेही निम्म्या ताकदीने. लोकल कॉन्ट्रास्ट फक्त उजळ भागावर, मास्क लावून. फिकट भाग शार्प केलात तर नॉइजचेच धागे तयार होतात आणि ते तपशिलासारखे दिसतात. शंका आली तर सम आणि विषम फ्रेमचे दोन वेगळे स्टॅक करा: एकातच दिसतं ते नॉइज. दोन्हींत दिसलं तरी फ्लॅटची चूक असू शकते, म्हणून डीएसएस या आकाशाच्या सर्व्हेच्या फोटोशीही जुळवा. तारे शेवटी स्क्रीन मोडने परत घाला.

तुमच्या ८० मिनिटांत धूळ दिसेल, पण दाणेदार. सिग्नलच्या तुलनेत नॉइज निम्मा करायला चौपट वेळ, म्हणजे साधारण ५ तास २० मिनिटं लागतात. मृग आपल्याकडे ६६ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या अमावास्येला दोन रात्रींत हे जमतं. ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे फक्त दोन अरुंद पट्टे आत सोडणारा) मात्र घेऊ नका. तो हायड्रोजनचा लाल उठवतो, पण धूळ दिसते ती ताऱ्यांच्या परावर्तित प्रकाशाने, आणि तोच प्रकाश हा फिल्टर अडवतो.