रांगतं बाळ आणि शहाबादी फरशी: किती वेळा पुसायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीत भाड्याचं जुनं घर, खाली शहाबादी, बाळ नुकतंच रांगायला लागलंय. सासूबाई म्हणतात सकाळ-संध्याकाळ फिनाईलनं पुसा. कामाच्या मावशी एकदाच पुसतात. घरमालक म्हणतात दिवाळीआधी ॲसिड मारून फरशी नवी करून देतो. तर घर निरोगी राहायला किती वेळा पुसावं?

आधी घरमालकांना फोन करून ॲसिड थांबवा, मग पुढचं वाचा. मी कोल्हापुरात फरशी बसवायच्या आणि घासायच्या कामातला माणूस आहे. या एका गोष्टीवरून ठेकेदार, मालक, सोसायटीचे चेअरमन अशा सगळ्यांशी माझे वाद झालेत. त्यामुळं उत्तर लांबणार.

पुसण्याचं आधी सांगतो. केर रोज. स्वयंपाकघर रोज रात्री, ओटा आवरून झाल्यावर, कारण तेलाचा तवंग आणि सांडलेलं अन्न रात्रभर राहिलं की झुरळं आणि मुंग्या येतात. बाळ जिथं रांगतं तेवढा भाग रोज साध्या पाण्यानं. बाकी खोल्या एक दिवसाआड पुरे. बाथरूम आठवड्यातून दोनदा ब्रशनं घासून. घरात कुणी आजारी नसेल तर दिवसातून दोनदा पुसून जास्तीचं काही मिळत नाही. बरीचशी घाण दारातूनच येते. बाहेर एक आणि आत एक असं पायपुसणं टाका, चपला उंबऱ्याबाहेर ठेवा.

पण खरी गडबड होते ती बादलीत. एकाच पाण्यात हॉल, दोन खोल्या आणि शेवटी स्वयंपाकघर पुसलं की शेवटच्या खोलीत पहिल्या खोलीतली घाण पसरते. पाच लिटरची फिकट रंगाची बादली घ्या. तळ दिसेनासा झाला की पाणी ओतून द्यायचं. साधारण १० बाय १२ च्या दोन खोल्यांना एक बादली होते. फडकं सुती, जुन्या पंचाचं उत्तम. त्याची चौपदरी घडी घातली की उलटसुलट करून आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. थेंब गळणार नाही इतकं पिळायचं, आतल्या भिंतीपासून दाराकडं मागं मागं सरकत यायचं. काम झालं की फडकं साबणानं धुऊन उन्हात. ओलं फडकं बादलीतच मुरवून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्यातले जंतूच फरशीवर जातात, आणि मग वास मारायला फिनाईल वाढवलं जातं. गोल फिरणाऱ्या मॉपचंही तेच: तो ज्या पाण्यात धुतो त्याच पाण्यात पुन्हा बुडतो, म्हणून पाणी तितक्याच वेळा बदलायचं.

साबण पाच लिटरला अर्धा चहाचा चमचा. जास्त टाकला तर चिकट थर राहतो आणि धूळ अजून धरते. व्हिट्रिफाईड, म्हणजे कारखान्यात भाजलेल्या चकचकीत टाइल्सवर, पायांचे ठसे उमटतात ते बहुतेक वेळा याच थरामुळं.

फिनाईलबद्दल सासूबाईंना असं सांगा: धुळीवर ओतलेलं फिनाईल धुळीतच संपतं. आधी केर, मग साबणपाणी, आणि त्यानंतर गरज असेल तरच जंतुनाशक. गरज म्हणजे उलटी-जुलाब, मेलेला उंदीर, मटण धुतलेलं पाणी सांडणं, पुराचं पाणी. तेव्हाही बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्यायचं, दहा मिनिटं राहू द्यायचं आणि साध्या पाण्यानं पुसून घ्यायचं. बाळाचे हात फरशीवरून थेट तोंडात जातात, तुम्ही रोज टाकलेलं फिनाईलही तसंच जातं. आणि फिनाईल किंवा ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका, एका दिवसासाठीसुद्धा नाही.

आता ॲसिड. शहाबादी, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. मार्बल त्याच जातीचा, आणि मोझॅकमध्ये मार्बलचे तुकडे सिमेंटात बसवलेले असतात. दुकानात पिवळसर पाण्यासारखं मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते चुनखडीवर पडलं की फेस येतो. लोक म्हणतात, बघा घाण निघायली. तो फेस घाणीचा नसतो. दगड विरघळून कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतोय, त्याचा असतो. खात्री करायची असेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की फरशी चुनखडीची. लगेच पुसून घ्या, कारण लिंबूही दगड खातं. ग्रॅनाईट किंवा व्हिट्रिफाईडवर काहीच होणार नाही.

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराची फरशी सांगतो. मधल्या खोलीची शहाबादी वर्षानुवर्षं पायाखाली घासून इतकी गुळगुळीत झाली होती की ओलं फडकं एकदा फिरवलं की चकाकायची. लग्न निघालं. स्वयंपाकघरात गॅस सिलिंडरखाली गंजाचं तांबडं वर्तुळ उमटलं होतं, तेवढं काढायला ठेकेदारानं ॲसिड आणलं, आणि आणलंच आहे तर सगळीकडं मारू म्हणाला. पहिल्या दिवशी फरशी पांढरट, एकसारखी दिसली; घरचे खूश. ती पांढरी झाली कारण वरचा घट्ट थर गेला आणि दगडाची उघडी छिद्रं वर आली. आठवड्यात त्यात काळं भरलं. सांध्यांतलं सिमेंट ॲसिडनं खाल्लं होतं, तिथून मुंग्या वर यायला लागल्या. वाफेनं पत्र्याच्या कपाटाचे पाय आणि फ्रीजचा खालचा पत्रा गंजला. सिलिंडरचं वर्तुळ गेलं, पण त्या जागी बोटाला लागेल असा खोलगट खड्डा पडला. पाऊस सुरू झाल्यावर अजून एक गोष्ट झाली. चुनखडी आणि हे ॲसिड मिळून कॅल्शियम क्लोराईड तयार होतं, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. नीट धुतलं गेलं नव्हतं, म्हणून फरशी जुलैभर चिकट ओली राहिली. मग त्या घरात दिवसातून तीनदा पुसणं सुरू झालं आणि फरशी तरी काळीच.

मी गेलो तेव्हा ठेकेदाराचं म्हणणं एकच: ॲसिडशिवाय जुनी फरशी स्वच्छ निघतच नाही. ते साफ चूक आहे. पाच लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घ्या, हातमोजे घालून फरशीवर पसरा, दहा-पंधरा मिनिटं सुकू न देता ठेवा, नायलॉनच्या ब्रशनं घासा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते काळं पाणी फडक्यानं लगेच उचला. तिथंच सुकलं तर घाण परत छिद्रात बसते. मग दोनदा साधं पाणी. तेलाच्या डागाला खडूची पूड आणि भांड्यांचा साबण यांचा घट्ट लेप लावा, वर प्लॅस्टिक झाका, सकाळी खरवडून काढा. एकदा निघाला नाही तर पुन्हा. गंजाच्या वर्तुळावर घरगुती उपाय नाही, ती मशीनच्या घासाईनंच जातात. सिलिंडर ट्रॉलीवर ठेवा, म्हणजे डाग पडणारच नाही.

त्या घरची फरशी शेवटी मशीननं घासावी लागली: ६० नंबरचा घासायचा दगड, मग आणखी बारीक १२०, २२०, ४००, प्रत्येक पायरीनंतर रबडी, म्हणजे घासून निघालेला दगडाचा चिखल, पूर्ण धुऊन. सांधे खरवडून नव्यानं भरले. त्याआधी सोड्याच्या पाण्यानं ॲसिडचा उरलेला अंश मारला आणि साधं पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं, नाहीतर नवे सांधेही सुटले असते. ॲसिडची बाटली स्वस्त आणि तिनं करून ठेवलेली घासाई महाग, हे त्या ठेकेदाराला तेव्हाही पटलं नाही.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध थेट आहे. शहाबादीचा वरचा थर शाबूत असेल तर एक दिवसाआड पुसून ती स्वच्छ राहते. तो खाल्लेला असेल तर घाण दगडाच्या आत बसते आणि दिवसभर पुसलं तरी बाळाचे गुडघे काळे होतात.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की भरपूर पाण्यानं पुसलेली खोली सुकत नाही, आणि भिंतीच्या कडेला बुरशी धरते. तेव्हा उंबऱ्याची जागा रोज, झोपायच्या खोल्या आठवड्यातून दोनदा, फडकं जवळजवळ कोरडं, नंतर पंखा. पाण्यात मीठ टाकायची पद्धत घराघरांत आहे. शहाबादीवर ती बंद करा: मीठ ओलावा धरून ठेवतं आणि छिद्रांत सुकून पांढरी खार वर आणतं. उलट उसाच्या गळीत हंगामात साखर कारखान्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या घरात काजळी येते. तिथं रोज पुसावंच लागतं, आणि आधी झाडूनं उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं उचललेली बरी. घरात दम्याचं माणूस असेल तर वर्षभर असंच करा.

पुराचं वेगळं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना हे माहीत आहे, पण तुम्ही नवीन दिसता म्हणून लिहितो. गाळ ओला असतानाच फावड्यानं काढायचा. मग पाणी, मग साबण, आणि शेवटी ब्लीचिंग: ताज्या पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन धरून १० लिटर पाण्याला ३५ ग्रॅम, ढवळून निवळू द्यायचं, वरचं पाणी वापरायचं, दहा मिनिटं ठेवून धुवायचं. गाळावर कोरडी पावडर फेकून उपयोग नाही, मातीच ती संपवते. ब्लीचिंग आणि ॲसिड एकाच दिवशी एकाच फरशीवर कधीच नको. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जीवावर बेततो.

आता ॲसिडच्या बाजूनं बोलायचं तेवढंही बोलतो, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. नव्या व्हिट्रिफाईडवर सिमेंटचे शिंतोडे राहिले असतील तर पातळ ॲसिड, सांधे आधी पाण्यानं भिजवून, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, अनुभवी माणसाच्या हातानं चालतं. मार्बल-मोझॅकच्या पॉलिशला शेवटी ऑक्झॅलिक पावडर वापरतात तीही ॲसिडच, पण ती घासाईच्या शेवटी चमक आणायला असते, घाण काढायला नाही. आणि मी फरशीचा माणूस आहे, डॉक्टर नाही; बाळाला अंगावर पुरळ किंवा सतत खोकला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

घरमालक ऐकत नसतील तर त्यांच्यासमोर लिंबाचे थेंब टाकून दाखवा. फरशी नवी करायचीच असेल तर घासाई आणि सांधे भरून घ्या म्हणावं, आणि त्या चार दिवसांत बाळाला घेऊन माहेरी जा, कारण रबडी सुकली की तिची बारीक पूड घरभर उडते.