गेरी, जेरीमँडर आणि आपलं 'जेरीस येणं'

प्रश्न असा आहे: एल्ब्रिज गेरी हा अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष पुरती पावणेदोन वर्षंही पदावर नव्हता, मग त्याचा 'वारसा' म्हणजे 'जेरीमँडरिंग' (मतदारसंघांच्या सीमा आपल्या पक्षाच्या सोयीने आखणं) हा एकच शब्द, असं म्हणणं बरोबर आहे का? आणि आपलं 'जेरीस आणणे' त्याच्याच नावावरून आलंय का?

दुसरं आधी घेतो. नाही. काडीचाही संबंध नाही. इतकं ठणकावून सांगतोय कारण 'जेरीमँडरिंग करून विरोधकांना जेरीस आणलं' हे हल्ली सारखं कानावर पडतं आणि बोलणाऱ्याला खरंच वाटत असतं की दोन्ही एकाच घरचे शब्द आहेत. अहो, त्या माणसाचं आडनाव 'जेरी' नाहीच मुळी, 'गेरी' आहे, गवतातला ग. शब्द निघाला तेव्हा लोक 'गेरीमँडर' असंच म्हणायचे, पुढे ज्यांनी ते नाव फक्त छापलेलं पाहिलं त्यांनी आपल्या मनाने 'ज' केला आणि तोच रुळला. अमेरिकन डिक्शनऱ्याही आता 'ज' आधी देतात. शब्दाचा उच्चार बदलला तर बदलू दे, पण मेलेल्या माणसाचं आडनाव कसं बदलेल?

शब्दाची जन्मकथा बहुतेकांना माहीत असते म्हणून थोडक्यात. गेरी मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर असताना त्याच्या पक्षाने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ आपल्या सोयीने कापले आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये त्याने त्या कायद्यावर सही केली. एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा झाला की २६ मार्चच्या बॉस्टन गॅझेटमध्ये त्याला पंख, नखं आणि चोच काढून राक्षस म्हणून छापलं, गेरी अधिक सॅलॅमँडर म्हणून गेरीमँडर. (सॅलॅमँडरला 'सरडा' म्हणू नका. तो बेडकाच्या जवळचा, उभयचर. आपल्या देशात दार्जिलिंगकडे सापडतो.) गेरीचं जन्मगाव मार्बलहेड, तेही त्या राक्षसाच्या अंगातच होतं. निवडणुकीत विरोधी फेडरलिस्टांना मतं थोडी जास्त पडली, पण सिनेटच्या ४० पैकी २९ जागा गेरीच्या पक्षाला मिळाल्या. गेरी स्वतः मात्र गव्हर्नरपदाची निवडणूक हरला.

आता 'जेर', ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. हा फारसी 'ज़ेर', अर्थ 'खाली'. उर्दू लिपी शिकलेल्यांना माहीत असेल, अक्षराच्या खाली तिरपी रेघ मारली की ती ज़ेर, म्हणजे इकार, आणि तीच रेघ वर मारली की ज़बर, म्हणजे अकार. हा 'वर'वाला ज़बर आपल्या 'जबरदस्त'मध्ये येऊन बसलाय, कारण दस्त म्हणजे हात, दस्तऐवजातला दस्त तोच, आणि ज्याचा हात वर तो जबरदस्त. याच्या उलट फारसीत 'ज़ेरदस्त', म्हणजे अक्षरशः आपला 'हाताखालचा'! एका बाजूला वरचढ, दुसऱ्या बाजूला हाताखालचा, आणि दोन्ही जोड्या आपल्या मराठीत आपल्याच शब्दांनी आधीपासून आहेत हे बघितलं की मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

तर जेर होणं म्हणजे खाली दाबलं जाणं. त्याचं नाम 'जेरी', जसं तयारचं तयारी किंवा खूशचं खुशी. 'जेरीस येणे' म्हणजे त्या दबलेल्या अवस्थेला येणे. संपला विषय.

पण खरी मजा 'जेरबंद'मध्ये आहे. 'बिबट्या जेरबंद', 'टोळी जेरबंद' असं आपण रोज वाचतो आणि त्यातला 'बंद' म्हणजे पिंजऱ्यात बंद असं समजतो. तसं नाहीये. जेरबंद हा घोड्याच्या साजातला एक पट्टा. पोटाखालच्या तंगाला, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याला, एक टोक, तिथून पुढच्या दोन पायांमधून येऊन दुसरं टोक तोंडाच्या साजाला, म्हणजे घोड्याला मान वर उडवता येत नाही. ज़ेर-बंद, खालचा बंद. इथला बंद अंगरख्याला असतात तसला, बाराबंदीतला. माझं मत असं की जेरीस येण्याचा अर्थ आपल्याकडे इतका घट्ट रुतला तो या पट्ट्यामुळेच, कारण ज्या मुलखात घरोघरी घोडी होती तिथे मान खाली धरलेलं जनावर रोज डोळ्यांसमोर होतं, आणि 'दमवून ताब्यात आणणं' हा अर्थ पुस्तकातल्या फारसीपेक्षा तबेल्यातून आला असणार. काही भाषाप्रेमी मंडळी 'जेर'चं मूळ 'जर्जर'मध्ये शोधतात. त्यांनी आधी जेरबंदाचा अर्थ लावून दाखवावा. संस्कृत मूळ सापडलं की शब्द शुद्ध झाला असं वाटून व्युत्पत्ती सांगणं म्हणजे शब्दावर अन्याय आहे, आणि तो हीच मंडळी सगळ्यात जास्त करतात.

बरं, गेरीचा वारसा. वारसा हा वारसाला मिळतो, मागे ठेवणाऱ्याने ठेवलेला असतो. 'गेरीमँडर' गेरीने ठेवलेला नाही, विरोधकांनी त्याला चिकटवलेला आहे. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे, नावं ठेवणे. बाळाचं ठेवतो ते नाव आणि दोष काढतो ती नावं, क्रियापद एकच, आणि त्या वर्तमानपत्राने दोन्ही एकाच दिवशी केलं. मुहम्मद तुघलकाचं 'तुघलकी' झालं तसंच हे. तेव्हा इथे 'वारसा' लिहू नका, 'गेरीच्या नावाला लागलेला बट्टा' लिहा.

उपराष्ट्राध्यक्ष म्हणून त्याला काय जोखणार? ते पदच ज़ेरदस्त. पहिला उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यानेच बायकोला लिहिलं होतं की इतकं क्षुल्लक पद माणसाने कधी निर्माण केलं नसेल. गेरी मार्च १८१३ मध्ये आला, १८१३च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष मॅडिसन आजारी असताना अमेरिकेच्या सिनेटचं अधिवेशन संपेपर्यंत तिथली अध्यक्षाची खुर्ची (ती उपराष्ट्राध्यक्षाचीच असते) सोडायला तयार झाला नाही, कारण सोडली असती तर सिनेटने हंगामी अध्यक्ष निवडला असता आणि तो राष्ट्राध्यक्षपदाच्या रांगेत आला असता, आणि २३ नोव्हेंबर १८१४ ला पदावर असतानाच वारला. एवढंच.

त्याला जोखायचं तर सह्यांवर जोखा. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. १७८७ मध्ये राज्यघटना लिहायला जी सभा भरली तिथे शेवटपर्यंत बसून सही नाकारणारे तिघेच, त्यातला एक हा, आणि नागरिकांच्या हक्कांची सनद त्यात नाही हे एक मोठं कारण. ती सनद घालायचा त्याचा ठराव तिथे साफ पडला होता, पण १७९१ मध्ये ती पहिल्या दहा दुरुस्त्या म्हणून घटनेत आलीच. याच माणसाने त्याच सभेत लोकशाहीच्या अतिरेकाची तक्रारही केली होती, म्हणून त्याला लोकांचा कैवारी वगैरे करू नका. तरी माझ्या हिशेबी ती नाकारलेली सही हा त्याचा खरा वारसा.

आणि 'सही' शब्द मुळात अरबी 'सहीह', म्हणजे 'बरोबर'. कागदावर सही करणं म्हणजे 'हे बरोबर आहे' असं लिहून देणं. १८१२ च्या त्या कायद्यावर गेरीने नाखुशीने सही केली असं त्याचं चरित्र लिहिणाऱ्या जावयाने म्हटलंय. असेल. पण नाखूश असताना सही करायची नसते हे पंचवीस वर्षांपूर्वी त्याला पक्कं कळत होतं, तेव्हा हा बट्टा त्याच्यावर अगदीच उगाच लागला असं मला म्हणता येत नाही.

लिहिताना मात्र माणूस गेरी, शब्द जेरीमँडर, आणि जेरीस येणं आपलं वेगळं.