समुद्र आईच्या बाजूला

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची आहे, रोज पर्वती चढते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची तिची फार इच्छा आहे. बाबांना रात्री एकटं ठेवता येत नाही, त्यामुळे मुक्काम शक्य नाही. गाडी मीच चालवते. किनाऱ्याचा रस्ता बघून त्याच दिवशी पुण्याला परतता येईल का? सगळे म्हणतात, दिवेआगरपासून सुरुवात कर.
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : येईल. पहाटे पाचला घर सोडा, आणि दिवस ठरवताना सुट्टीपेक्षा तिथी बघा, कारण प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. माझं माहेर श्रीवर्धनचं. आमच्याकडे भरतीची वेळ पंचांगावरून काढतात : तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. सप्तमीला उत्तर येतं सव्वापाच. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी त्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळी सव्वाअकराच्या आसपास ओहोटी. तुम्ही पोचाल दहा-साडेदहाला, म्हणून षष्ठी ते अष्टमी धरा. पक्ष कुठलाही चालेल. पौर्णिमा-अमावास्येला नेमकं त्याच वेळी उधाण असतं, तेव्हा जाऊच नका. हा हिशेब थोडा मागेपुढे होतो, त्यामुळे निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा आणि देवळात पुन्हा विचारा. प्रदक्षिणेची वाट दोन कातळांमधल्या पायऱ्यांनी थेट समुद्रालगत उतरते, पुढे खडकांवरूनच चालायचं असतं. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. कुणी ‘आता नको’ म्हटलं, तर आईने कितीही आग्रह केला तरी ऐकू नका. दर्शनाचा क्रम आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव.

आता दिवेआगरचं. तिथून दक्षिणेला श्रीवर्धनकडे निघालात की समुद्र उजवीकडे, म्हणजे तुमच्या बाजूला येतो. तुमची नजर रस्त्यावर, आणि आईच्या खिडकीत सगळा वेळ डोंगर! तिच्यासाठी जाताय ना? मग उलटं करा. ताम्हिणी उतरून विळे, माणगाव, म्हसळामार्गे आधी हरिहरेश्वर गाठा, मग श्रीवर्धन, आणि तिथून उत्तरेला दिवेआगर. आरावी, शेखाडी, भरडखोल या पट्ट्यात रस्ता कितीतरी वेळ पाण्याच्या कडेने जातो आणि समुद्र डावीकडे, आईच्या हाताशी असतो. वळणावर गाडी थांबवू नका. रुंद जागा बघून थांबा आणि मग दोघी मिळून निवांत बघा. मला विचाराल तर याच रस्त्याला सर्वांत जास्त वेळ द्या. दिवेआगरच्या पुळणीवर अर्धा तास पुरे.

जेवण श्रीवर्धनला एखाद्या घरगुती खाणावळीत घ्या, पण सकाळीच फोन करून सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर उकडीचे मोदक मिळत नाहीत. सुपारी घ्यायची तर इथली श्रीवर्धनी रोठा जातच घ्या, आणि बागायतदाराकडूनच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या केल्या. नव्याने लावलेली पोफळ उत्पन्न द्यायला कितीतरी वर्षं घेते, त्यामुळे तुमचे चार पैसे तिथे खरोखर उपयोगी पडतात. दिवेआगरला सुवर्णगणेशाचं दर्शन घ्या. १९९७ साली बागेत सापडलेला तो मुखवटा २०१२ मध्ये चोरीला गेला, २०२१ मध्ये पुन्हा घडवून बसवला. ती चोरी झाली तेव्हा आमच्याकडे घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं.

सूर्यास्तासाठी थांबू नका. चारला दिवेआगर सोडा, तरच ताम्हिणीचा बराचसा भाग उजेडात चढून होईल. घाटात दिवे नाहीत, बऱ्याच ठिकाणी फोनला रेंजही नसते. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर गाडी चालवायची आहे, तीही एकटीने. माणगावला चहासाठी नक्की थांबा आणि बाबांना फोन तिथूनच करा. पावसाळ्यात मात्र हा बेत नको; नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली एखादी सप्तमी बघा.