मखराच्या चित्राबद्दल

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझी बारा चित्रं पाहिली. सबवेच्या डब्यात तारपा वाजवणारा वारली, ब्रुकलिन ब्रिजखाली पैठणीचा मोर. हात चांगला आहे, रंगांची जाणही आहे. पण खरं सांगू? विमानतळावरच्या दुकानात फिरल्यासारखं वाटलं. "इथे सध्या दोन संस्कृतींचं मिश्रण चालतं," असं तू लिहिलंयस. चालतं ना, पण हे मिश्रण नव्हे, ही फोडणी झाली. वरून घातलेली.

शाहझिया सिकंदरचं काम नीट बघ. लाहोरच्या कला महाविद्यालयात ती लघुचित्र शिकायला बसली तेव्हा तो प्रकार पर्यटकांना विकायचा माल समजला जाई. कागदावर कागद चिकटवून, घोटून घोटून वसली तयार करायची आणि त्यावर बारीक कुंचल्यानं एकेक रेघ. १९८९-९० मधलं तिचं 'द स्क्रोल' पाच फुटांहून लांब आहे. त्यात दरबार नाही. एका घरातून पांढऱ्या कपड्यांतली, जवळजवळ पारदर्शक मुलगी खोल्याखोल्यांतून फिरते, तिचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही. शेवटी ती चित्र काढताना भेटते. पुढे अमेरिकेत, २००३ च्या ॲनिमेशनमध्ये, तिनं मोगल दरबारात गोपी आणून बसवल्या. बघता बघता त्यांचे केस देहापासून सुटतात आणि काळ्या पाखरांसारखे थव्यानं उडू लागतात. वर्षानुवर्षं ते केस हातानं काढल्याशिवाय हे सुचत नाही.

एनजिडेका अकुनिली क्रॉसबी नायजेरियाची, राहते लॉस एंजेलिसला. तिची चित्रं लांबून साधी वाटतात: खोली, टेबल, नवरा-बायको. जवळ गेलीस की भिंतीत, जमिनीत शेकडो छायाचित्रं उमटलेली दिसतात. नायजेरियन मासिकांतली, घरच्या लग्नांतली. छापील प्रत ॲसिटोननं भिजवून, घासून कागदावर उतरवलेली, म्हणून किंचित पुसट. आठवणी अशाच असतात. तंत्रच ते सांगतं. (आपल्या मुंबईच्या जेजे कलाशाळेचे चित्रकार मोहन सामंतही १९६८ पासून न्यूयॉर्कलाच राहिले. चित्रं तिथली, रियाज सारंगीचा. त्यांचंही काम मिळेल तिथे बघ.)

आता वारली. लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवर लिहितात, कधी आणि कशासाठी याच्या रीती आहेत. मला त्यातलं थोडंच कळतं, तुला बहुधा तेवढंही नाही. मग तुझ्या हाताला काय ठाऊक आहे?

वहीचं शेवटचं पान तू बहुतेक चुकून स्कॅन केलंस. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी बेसमेंटमध्ये पार्सलच्या खोक्यांचं मखर. सोनेरी कागद एका कोपऱ्यात सुटलाय आणि खालून लेबल डोकावतंय, त्यावर बाबांचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं. त्या लेबलावर तू जितका वेळ घालवलायस, तितका एकाही मोरावर घातलेला नाहीस.

तेच काढ. मोठं, चार-पाच फुटांचं, जमलं तर त्याच पुठ्ठ्यावर. चिकटपट्टीची चमक कशी पकडायची ते तूच शोध, मला ते येत नाही. आणि त्यात गणपती अजून बसलेला नाही, तो बसवू नकोस. जागा रिकामी राहू दे.

पुढच्या महिन्यात फोटो पाठव. उजेडात काढलेले.

तुझा,
काका