फिर्याद नोंदली की पुढे काय? पाकिस्तानातल्या ईशनिंदा कायद्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच विषयावर होती: शेजारच्या देशात ईशनिंदेचा आरोप म्हणजे नेमकं काय, आणि तिथल्या हिंदू, ख्रिस्ती, अहमदी (स्वतःला मुस्लिम मानणारा, पण पाकिस्तानच्या घटनेने मुस्लिमेतर ठरवलेला पंथ) माणसाच्या हाती बचावाला काय उरतं. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

पाकिस्तानचं 295-सी आपल्याकडच्या 295-ए पेक्षा वेगळं कसं? दोन्ही कलमं इंग्रजांच्याच कायद्यातली ना?
– एक वाचक, सातारा

मुळं एक, पण फांदी वेगळी. 1860 ची दंडसंहिता दोन्ही देशांना वारशात मिळाली. लाहोरमधल्या एका पुस्तिकेवरून वाद पेटला आणि 1927 मध्ये इंग्रज सरकारने दंडसंहितेत धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं 295-ए घातलं. ते दोन्हीकडे टिकलं. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 299 आहे आणि जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. पाकिस्तानात त्याच कलमाची शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली आहे. या कलमात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' ही अट आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात याच अटीवर बोट ठेवून हे कलम वैध ठरवलं. शिवाय सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय न्यायालय असा खटला चालवायला घेत नाही. आपल्याकडेही या कलमाचा गैरवापर होतो, पण निदान या दोन अडसरांपाशी आरोपीला थांबून दाद मागता येते.

295-सी हे इंग्रजांचं नाही. जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत 1980 ते 1986 या काळात पाच नवी कलमं आली. 1982 चं 295-बी कुराणाच्या विटंबनेबद्दल जन्मठेप देतं. 1986 चं 295-सी पैगंबरांच्या अवमानाबद्दल आहे. त्यात बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, चित्र, आडून सुचवलेलं, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष असं सगळं येतं. हेतूबद्दल मात्र एक शब्द नाही. मूळ मजकुरात फाशी किंवा जन्मठेप असा पर्याय होता. फेडरल शरियत कोर्टाने 1990 मध्ये जन्मठेपेचा पर्याय इस्लामशी विसंगत ठरवला आणि सरकारला 30 एप्रिल 1991 पर्यंतची मुदत दिली. मुदत उलटून गेली आणि तेव्हापासून शिक्षा एकच, फाशी. खटला चालवणारा न्यायाधीश मुस्लिमच असला पाहिजे, हीही कायद्यातलीच तरतूद आहे.

आरोप झाल्यापासून सुटकेपर्यंत प्रकरण कसं जातं? कोणत्या टप्प्यावर घोटाळा होतो?
– कायद्याची विद्यार्थिनी, पुणे

घोटाळा पहिल्याच टप्प्यावर होतो, आणि पुढची कितीतरी वर्षं तो निस्तरण्यात जातात.

गुन्हा दखलपात्र आहे. फिर्याद आली की वॉरंटशिवाय अटक करता येते. तपास पोलीस अधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये, अशी सुधारणा 2004 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 156-ए द्वारे झाली. ऐकायला चांगली वाटते. पण हे बंधन तपासावर आहे, फिर्याद नोंदवण्यावर नाही. मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झालेला असतो, चौकीबाहेर जमाव असतो आणि आत ठाणे अंमलदार असतो. अधीक्षक येईपर्यंत एफआयआर लिहून, अटक होऊन गेलेली असते. अनेकदा पोलीसच सांगतात की जिवाच्या भीतीने आरोपीला आत घेतलं. ते खोटंही नसतं. डिसेंबर 2021 मध्ये सियालकोटला प्रियांथा कुमारा या श्रीलंकन कारखाना व्यवस्थापकाला जमावाने ठार मारून जाळलं.

पुढे जामीन. फाशीच्या गुन्ह्यात याच प्रक्रिया संहितेच्या कलम 497 खाली जामीन जवळजवळ मिळत नाही. 'अधिक चौकशीची गरज' दाखवता आली, किंवा आरोपीचा दोष नसताना खटला दोन वर्षांहून अधिक रेंगाळला, तर वाट निघू शकते. त्यासाठी आधी वकील हवा. मुलतानमध्ये विद्यापीठातले व्याख्याते जुनैद हाफीज यांचं वकीलपत्र घेतलेले रशीद रहमान यांना मे 2014 मध्ये त्यांच्या कचेरीत गोळ्या घातल्या गेल्या. हाफीज 2013 पासून तुरुंगात होते. त्यांना डिसेंबर 2019 मध्ये फाशी सुनावली गेली. न्यायाधीशही सुटले नाहीत. दोन ख्रिस्ती आरोपींना निर्दोष ठरवणारे लाहोर उच्च न्यायालयाचे न्या. आरिफ इक्बाल भट्टी यांचा 1997 मध्ये खून झाला. मग खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाने सोपी वाट का धरावी हे समजतं: शिक्षा ठोठावायची, निवाडा वर ढकलायचा. फाशीवर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागतंच, असं तो स्वतःला समजावतो.

आसिया बीबी यांच्या खटल्यात हे सगळं एकाच फाइलमध्ये दिसतं. 14 जून 2009 रोजी पाकिस्तानी पंजाबातल्या इट्टनवाली गावात फाळसे तोडणाऱ्या बायकांमध्ये पाण्यावरून बाचाबाची झाली. ख्रिस्ती बाईच्या हातचं पाणी प्यायला इतर बायका तयार नव्हत्या. फिर्याद 19 जूनला, म्हणजे पाच दिवसांनी नोंदली गेली. फिर्यादी स्वतः शेतात हजर नव्हता. गावच्या सभेत तिने गुन्हा कबूल केला, यावर सरकारी पक्षाची भिस्त होती. त्या सभेला किती माणसं होती, हे विचारल्यावर साक्षीदारांचे आकडे शंभर, दोन-अडीचशे, हजार आणि दोन हजार असे निघाले. सभा कुणाच्या घरी झाली, यावरही एकमत नव्हतं. पाण्यावरून भांडण झालं हे शेतातल्या दोन साक्षीदार बायकांनी सुरुवातीला सांगितलंच नव्हतं. ही सगळी विसंगती उलटतपासणीत पहिल्याच कोर्टापुढे आली होती. तरीही नोव्हेंबर 2010 मध्ये फाशी सुनावली गेली आणि ऑक्टोबर 2014 मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं 31 ऑक्टोबर 2018 रोजी. त्यानंतर देशभर रस्ते अडवले गेले. फेरविचार याचिका 29 जानेवारी 2019 ला फेटाळली गेली, तेव्हा कुठे तिला देश सोडता आला. दरम्यान तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर 4 जानेवारी 2011 रोजी स्वतःच्या अंगरक्षकाच्या गोळ्यांना बळी पडले. अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाज भट्टी यांचा त्याच वर्षी 2 मार्चला खून झाला.

पाकिस्तान सरकारने या कलमाखाली आजवर कुणालाही प्रत्यक्ष फासावर चढवलेलं नाही. म्हणून कायदा निरुपद्रवी आहे असं कुणी म्हणत असेल, तर तुरुंगातली ही आठ-दहा वर्षं आणि जमावाने केलेले खून त्याने हिशेबात धरलेले नाहीत.

आरोपींमध्ये मुस्लिमच जास्त असतात असं वाचलं. मग हा अल्पसंख्याकांचा प्रश्न कसा?
– एक वाचक, औसा

वाचलंत ते खरं आहे. आरोपींमध्ये सर्वांत मोठा गट मुस्लिमांचाच आहे आणि त्यांचे हालही तितकेच होतात. पण 2023 च्या जनगणनेनुसार मुस्लिमेतर लोकसंख्या चार टक्क्यांहून कमी असताना, आरोपींमधलं ख्रिस्ती आणि अहमदींचं प्रमाण त्याच्या कितीतरी पट आहे.

दुसरा फरक अधिक क्रूर आहे. मुस्लिम आरोपीच्या बाबतीत सहसा तो माणूस आणि त्याचं कुटुंब भरडलं जातं. अल्पसंख्याक आरोपी असला की वस्तीच पेटते. शांतीनगर 1997, गोजरा 2009, लाहोरची जोसेफ कॉलनी 2013. आणि 16 ऑगस्ट 2023 रोजी जरांवाला, जिथे एका दिवसात वीसहून अधिक चर्च आणि आसपासची घरं फोडली-जाळली गेली. क्रम बहुतेकदा तोच: जमिनीचा, पैशांचा किंवा वैयक्तिक वाद, मग कुराणाची फाटलेली पानं सापडल्याची आवई, मग भोंगा. खोटी फिर्याद देणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, पण ती क्वचितच लागू पडते. 2012 मध्ये इस्लामाबादेत एका अल्पवयीन ख्रिस्ती मुलीवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला. तिच्या पिशवीत पानं घातल्याचा ठपका असलेला मौलवी मात्र साक्षीदार फिरल्यामुळे सुटला.

सप्टेंबर 2024 चं उमरकोटचं प्रकरणही इथे सांगायला हवं. डॉ. शाहनवाज कुंभर या मुस्लिम डॉक्टरवर आरोप झाला आणि ते पोलिसांच्या 'चकमकीत' मारले गेले. ती चकमक बनावट होती, हे पुढे सिंधच्या गृहमंत्र्यांनीच मान्य केलं. जमावाने त्यांचा मृतदेह जाळायला घेतला, तेव्हा तो हिसकावून वाचवायला धावला तो कोळी समाजातला एक हिंदू माणूस.

व्हॉट्सअॅपवरून तरुण मुलांना अडकवतात म्हणजे काय करतात?
– एक वाचक, डोंबिवली

साधारण पद्धत अशी. नोकरीच्या किंवा गप्पांच्या एखाद्या ग्रुपवर मुलीच्या नावाचं खातं ओळख वाढवतं. काही दिवसांनी त्या खात्यावरून आक्षेपार्ह चित्र येतं. मुलगा दचकून विचारतो, 'हे काय पाठवलंस?' उत्तर येतं, 'मी काय पाठवलं? तेच मला परत पाठव, बघते.' त्याने ते परत पाठवलं की चित्र त्याच्या फोनवरून 'प्रसारित' झालं. मग भेटीचं बोलावणं. भेटीच्या जागी चार-सहा जण धरतात, फोन काढून घेतात आणि मुलाला सायबर गुन्हे विभागाच्या हवाली करतात. हेतूची अट नसलेलं कलम इथे पुरतं कामाला येतं, कारण पाठवलं एवढंच पुरेसं.

पाकिस्तानच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2024 मध्ये दिलेले आकडे बोलके आहेत. ईशनिंदेच्या आरोपाखाली तुरुंगात असलेले लोक 2020 मध्ये 11, 2023 मध्ये 213 आणि जुलै 2024 पर्यंत 767. यात बहुतेक तरुण मुलगे. जुलै 2025 मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी चौकशी आयोग नेमण्याचा आदेश दिला, पण काही दिवसांतच खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. ज्या घरांतली मुलं आत आहेत, त्यांची एकमेव आशा तो आयोग होती.

कराचीत मराठी बोलणारी हिंदू कुटुंबं अजून आहेत. सिंधमध्ये हिंदू मुलींच्या सक्तीच्या धर्मांतराबद्दल ऐकतो. कायदा त्यांना काय देतो?
– एक वाचक, मुंबई

कराचीत थोडी मराठी घरं आहेत आणि त्यांच्याकडे गणपतीही बसतो. अपहरण आणि धर्मांतराच्या तक्रारी मात्र मुख्यतः ग्रामीण सिंधमधल्या गरीब भिल्ल, कोळी, मेघवार कुटुंबांकडून येतात.

सिंधचा हिंदू विवाह कायदा 2016 चा, बाकी प्रांतांना लागू होणारा केंद्राचा 2017 चा. त्याआधी हिंदू लग्नाची सरकारी नोंदच नव्हती. एखादी विवाहित बाई पळवली गेली, तर ती विवाहित असल्याचा कागद नवऱ्याकडे नसे. आता लग्नाची नोंद लगेच करून घेणं हाच पहिला बचाव आहे.

मुलगी अल्पवयीन असेल तर सगळं वयाच्या पुराव्यावर येतं. सिंधमध्ये 2013 च्या कायद्याने लग्नाचं वय दोघांनाही 18 आहे. नेहमीचा प्रकार असा: मुलगी नाहीशी होते, एखाद्या मदरशाचा धर्मांतराचा दाखला आणि निकाहनामा पुढे येतो, त्यावर तिचं वय 18 किंवा 19 लिहिलेलं असतं. पाठोपाठ 'मला आईवडिलांपासून धोका आहे' अशी तिच्या नावाची याचिका उच्च न्यायालयात दाखल होते. यावर चालणारे कागद तीन: युनियन कौन्सिलची (स्थानिक पंचायतीची) जन्मनोंद, नादरा या राष्ट्रीय नोंदणी संस्थेचा बी-फॉर्म (मुलांचा नोंदणी दाखला) आणि शाळेचा दाखला. हे नसतील तर कोर्ट हाडांची तपासणी सांगतं. तिच्यात दोनेक वर्षांचा फरक पडू शकतो आणि सोळाची मुलगी कागदावर अठराची होते. म्हणून तिथले कार्यकर्ते वस्त्यांवर जाऊन आधी बी-फॉर्म काढून घ्या म्हणून मागे लागतात.

दुसरी अडचण जबाबाची. दंडाधिकाऱ्यापुढे मुलगी जे बोलते त्यावर निकाल फिरतो. तोवर ती नवऱ्याकडच्यांच्या ताब्यात असेल तर ती काय बोलणार? तिला आधी दारुल-अमान निवाऱ्यात ठेवून, आईवडिलांना एकांतात भेटू देऊन, मग जबाब घ्या, ही मागणी वकिलाने पहिल्याच तारखेला करायला हवी. मुस्लिमेतर स्त्रीच्या सक्तीच्या लग्नाला दंडसंहितेच्या 498-बी खाली पाच ते दहा वर्षं शिक्षा आहे, पण 'सक्ती' सिद्ध होण्याचा रस्ता पुन्हा याच जबाबातून जातो. सक्तीच्या धर्मांतराविरुद्धचं विधेयक सिंध विधानसभेने नोव्हेंबर 2016 मध्ये मंजूर केलं होतं. धार्मिक पक्षांच्या दबावापुढे गव्हर्नरांची सही झालीच नाही.

अहमदी मतदान करू शकतात का?
– एक वाचक, कोल्हापूर

करू शकतात, पण स्वतःला मुस्लिमेतर म्हणवून घेतलं तरच. 1974 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने त्यांना मुस्लिमेतर ठरवलं आणि 1984 च्या वटहुकमाने त्यांनी स्वतःला मुस्लिम म्हणवणं हा तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा केला. 2002 मध्ये बाकी सगळ्यांसाठी एकच मतदारयादी झाली, अहमदींची वेगळी राहिली. त्यामुळे बहुतेक अहमदी मतदानापासून दूर राहतात. ऑगस्ट 2024 मध्ये तर एका अहमदीला जामीन देताना त्यांच्या धर्मपालनाच्या हक्कांबद्दल लिहिलेले परिच्छेद सर्वोच्च न्यायालयाने धर्मगुरूंच्या विरोधानंतर स्वतःच्याच निकालातून काढून टाकले.

आमच्या शेजारी पाकिस्तानातून आलेलं सिंधी कुटुंब दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतं. त्यांना नागरिकत्व कसं मिळेल?
– एक वाचक, जरीपटका, नागपूर

आधी भारतात आल्याची तारीख पाहा. 31 डिसेंबर 2014 किंवा त्याआधी आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती 2019 च्या नागरिकत्व कायदा दुरुस्तीच्या मार्च 2024 मधल्या नियमांखाली ऑनलाइन अर्ज करू शकतात. लागतात ते पाकिस्तानी असल्याचा एक कागद (मुदत संपलेला पासपोर्ट, शाळेचा दाखला, जमिनीचा उताराही चालतो), त्या तारखेआधी आल्याचा एक पुरावा, प्रतिज्ञापत्र आणि धर्माबद्दल स्थानिक सामाजिक संस्थेचं पत्र. अर्ज जिल्हास्तरीय समितीपुढे तपासला जातो आणि शपथ तिथेच होते. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का, हे अर्जाआधी पाहा. नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा.

त्यानंतर आलेल्यांना हा मार्ग नाही. स्वतः किंवा आईवडिलांपैकी कुणी अखंड भारतात जन्मलं असेल तर सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 खाली, नाहीतर एकूण बारा वर्षांनंतर कलम 6 खाली अर्ज करता येतो. तोवर व्हिसाचं नूतनीकरण मुदत संपण्याआधी करत राहावं, मध्ये खंड पडू देऊ नये. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहिले. कुटुंबात कुणी अहमदी असेल तर 2019 च्या दुरुस्तीचा लाभ त्याला नाही. हे वगळणं आम्हाला अन्यायाचं वाटतं आणि त्या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलेलं आहे.