ठगांच्या कॉमेडी पिक्चरचं परीक्षण पहिल्यांदा लिहितोयस ना, मग हे बघ

शेवटचा डाव फोडू नकोस, अगदी "शेवटी धक्का आहे" एवढंही नको, कारण तेवढं वाचलं की माणूस पिक्चरभर संशय घेत बसतो आणि हसायचं राहूनच जातं.

स्टोरी दोन ओळीत उरक. खरी मेहनत सावज कोण आहे यावर घे. माजोरडा शेठ फसला तर आपण टाळ्या पिटतो, पण पेन्शनवर जगणारी म्हातारी फसली की हसू घशातच अडकतं, ते दिग्दर्शकाने कसं सांभाळलंय ते लिही. १९७३ चा 'द स्टिंग' बघच, त्यात डावाच्या टप्प्याटप्प्याला चक्क पाटी येते, म्हणजे आता काय चाललंय ते सांगून सवरून दाखवतात आणि तरी आपण गंडतोच! का गंडतो ते शोधायला दुसऱ्यांदा बघावा लागतो, मी तेव्हा फक्त चेहरे बघतो, कोण कुणाकडे अर्धा सेकंद जास्त बघतंय, ग्लास कुणी उचलला.

आणि नुसतं "धमाल आहे" लिहून सोडू नकोस रे, एकच सीन घे आणि हशा नेमका कुठल्या क्षणाला फुटला ते सांग.